ताण २४ वरून १७ वर आला, त्यातला कार्यक्रमामुळे किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजण्यात काही चुकलं असेल तर सांगा. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ६४ बायकांसाठी तुम्ही आठ आठवड्यांचा ताण-व्यवस्थापनाचा कार्यक्रम घेतलात: प्राणायाम, शिथिलीकरण, विचारांची नोंदवही, गटात बोलणं. पीएसएस-१० या ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीत (गुण जास्त म्हणजे ताण जास्त) २० किंवा त्याहून जास्त गुण आलेल्यांनाच घेतलंत. तीच प्रश्नावली तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरून घेतलीत. सरासरी २४ वरून १७ वर आली, पेअर्ड टी-टेस्टचा (त्याच बायकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडणारी चाचणी) पी ०.००१ हून कमी, म्हणजे काहीच बदल नसता तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. सहा महिन्यांना ४७ जणी उरल्या. निम्म्या जणींचं लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोनही मोजलंय. कंट्रोल गट, म्हणजे कार्यक्रम न मिळालेल्यांचा तुलनेचा गट, नाही. आता प्रबंधाचे गाइड म्हणतात, "याचं मॅथेमॅटिकल मॉडेल बसव," आणि तुम्ही विचारताय की रिग्रेशन घेऊ, एसईएम (अनेक गोष्टींमधले संबंध बाणांनी जोडून तपासणारं मॉडेल) घेऊ की डिफरन्शियल इक्वेशन? शेवटी जाता जाता हेही विचारलंय, की यातून आयुष्य वाढतं असं दाखवता येईल का.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. कॅन्सरच्या रुग्णांच्या फॉलोअपचे आकडे हाताळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे प्राणायाम चांगला की नोंदवही, यावर माझ्या मताला किंमत नाही. आकड्यांपुरतं सांगतो. मॉडेल कुठलं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की कार्यक्रम झालाच नसता तर याच बायकांचा आकडा सहा महिन्यांनी किती असता? तुमच्याकडे एक रेषा आहे, २४ वरून १७ वर उतरणारी. दुसरी, न दिसलेली रेषा काढणं हे मॉडेलचं काम. कार्यक्रमाचा परिणाम म्हणजे त्या दोन रेषांमधलं अंतर. पहिली रेषा किती उतरली यावरून तो कळत नाही. टी-टेस्टने फक्त एवढंच सिद्ध केलं की पहिली रेषा उतरली, आणि ते कुणी नाकारलंच नव्हतं.

दुसरी रेषा सपाट असेल असं गृहीत धरलं की सगळं श्रेय कार्यक्रमाला जातं. पण ती सपाट कशी असेल? पहिली प्रश्नावली भरताना ती बाई कुठे होती ते बघा. निदानाचा धक्का ताजा, काखेतली नळी नुकतीच निघालेली, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायचाय, केमो लागणार का ते ठरलेलं नाही. पीएसएस विचारते ते गेल्या महिन्याबद्दल, आणि तो महिना म्हणजे बहुतेकींच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. सहा महिन्यांनी बऱ्याच जणींची केमो संपलेली असते, केस परत यायला लागलेले असतात, घरचे थोडे सावरलेले असतात. सगळ्यांचं असं होत नाही, पण सरासरी खाली यायला एवढं पुरतं.

त्यात तुम्ही २० ची चाळणी लावलीत. तिचा हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतोय, तुमचे खरे आकडे वेगळे असतील. समजा ओपीडीत येणाऱ्या अशा सगळ्या रुग्णांची सरासरी १८ आहे, आणि एकाच बाईने काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा भरलेल्या गुणांमधला सहसंबंध ०.६. तुमच्या निवडलेल्या गटाची सरासरी २४, म्हणजे ६ ने वर. हा गट पुढच्या वेळी, काहीही न करता, १८ + ०.६ × ६ म्हणजे २१.६ वर येईल. कारण ज्या दिवशी चाळणी लागली त्या दिवशी काही जणींचा आकडा त्यांच्या नेहमीपेक्षा वर होता, म्हणून तर त्या आत आल्या. ७ गुणांपैकी २.४ इथेच गेले, प्राणायामाचा एकही श्वास न घेता. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच, आणि चाळणी लावून एकाच गटावर केलेल्या प्रत्येक अभ्यासाला ते चिकटलेलं असतं.

मग त्या ४७ जणी. तुमच्या २४ मध्ये सगळ्या ६४ धरल्यात की फक्त शेवटपर्यंत राहिलेल्या? टी-टेस्ट जोड्यांवर चालते, म्हणून तिथे ४७ च असणार. पण तक्त्यात वरचा आकडा ६४ चा आणि खालचा ४७ चा असं बऱ्याचदा छापलं जातं. आणि १७ जणी गेल्या कुठे? एखादी गावी परतली, एखादीला दर वेळी रजा मिळेना, एखादीचा आजार बळावला. पहिल्या दोन कारणांचा ताणाशी फारसा संबंध नसेलही. तिसऱ्याचा थेट आहे. गेलेल्या प्रत्येकीपुढे कारणाचा एक रकाना भरा. मॉडेलची अर्धी अक्कल त्या रकान्यात असते.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रश्नावली कुणी भरून घेतली? ज्या ताईंनी आठ आठवडे गट चालवला त्यांनीच समोर बसून विचारलं असेल, तर सहाव्या महिन्याला उत्तर थोडं ताईंसाठीही असतं. नवरा किंवा सासू शेजारी बसली असेल तर आणखी वेगळं. हा फुगवटा कुठल्याही समीकरणाने निघत नाही. निदान कोणी, कुठे, कसं विचारलं याची नोंद असेल तर ती मॉडेलमध्ये घालता येते.

दुसरी रेषा खरोखर मोजली तर काय दिसतं, यासाठी मायामी विद्यापीठातलं मायकेल अँटोनी यांच्या गटाचं काम बघा. १९९८ ते २००५ या काळात त्यांनी २४० बायका घेतल्या. ऑपरेशन होऊन २ ते १० आठवडे झालेल्या, आजार शरीरात इतरत्र न पसरलेल्या. निम्म्यांना दहा आठवड्यांचा गट-कार्यक्रम, निम्म्यांना एक दिवसाचं माहितीसत्र, आणि कोण कुठे जाणार हे नशिबावर सोडलेलं. एक दिवसाच्या सत्राचा गट म्हणजेच ती दुसरी रेषा. त्यांच्या २००६ च्या विश्लेषणात १९९ बायका होत्या आणि पद्धत होती लेटंट ग्रोथ कर्व्ह मॉडेल. प्रत्येक बाईला तिची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा उतार द्यायचा, आणि मग विचारायचं की दोन गटांचे उतार सरासरीने वेगळे आहेत का. वर्षभराच्या फॉलोअपमध्ये कार्यक्रमाच्या गटाचं भावनिक स्वास्थ्य जास्त सुधारलं, आणि त्यातला काही भाग "हवं तेव्हा मला अंग सैल सोडता येतं" या आत्मविश्वासातल्या वाढीतून आला असं मॉडेलने दाखवलं. तुमच्या गाइडना बहुधा असंच काहीतरी हवं आहे. पण ते मॉडेल बसलं कारण दोन गट होते. एसईएममध्ये बाण कितीही काढले तरी दुसरा गट त्यातून निघत नाही.

आता मॉडेलच्या आकाराकडे येतो. मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि प्रबंधांत नेमकी त्यावरच घाई होते.

कार्यक्रमाने "फायदा झाला" याचे निदान दोन वेगळे अर्थ असू शकतात. एक, बाई सावरणारच होती, ती लवकर सावरली. दोन, ती शेवटी जिथे स्थिरावली असती त्याच्याही खाली स्थिरावली. समजा सुरुवात २६ वर आणि कार्यक्रमाशिवाय शेवटी १६ वर स्थिरावणार, म्हणजे जादा ताण १० गुणांचा. दर महिन्याला, तोवर उरलेल्या जादा ताणाचा दहावा हिस्सा ओसरतो. मग कार्यक्रमाशिवायची रेषा तीन महिन्यांनी २३.३, सहा महिन्यांनी २१.३, वर्षाने १८.८ आणि दोन वर्षांनी १६.८.

पहिल्या प्रकारचा कार्यक्रम वेग वाढवतो. दहाव्याऐवजी दर महिन्याला चौथा हिस्सा ओसरतो, मुक्काम तोच १६. आकडे येतात २०.२, १७.८, १६.३ आणि १६.०. कंट्रोलशी अंतर तीन महिन्यांना ३.१, सहा महिन्यांना ३.५, वर्षाला २.५, दोन वर्षांना फक्त ०.८. दुसऱ्या प्रकारचा कार्यक्रम वेग तोच ठेवतो, पण मुक्काम १३ वर नेतो. तिथे आकडे २२.५, १९.९, १६.७ आणि १४.०. अंतर अनुक्रमे ०.८, १.४, २.१ आणि २.८.

हे दोन ओळींचे आकडे कागदावर काढून बघाच. तीन महिन्यांवर थांबलात तर पहिला कार्यक्रम जोरदार आणि दुसरा निकामी. दोन वर्षांवर मोजलंत तर नेमकं उलट. आणि पहिल्या प्रकारात दोन वर्षांनी अंतर मिटलं म्हणून "परिणाम टिकला नाही" असं लिहिलं जातं, जे चूक आहे. कुणाचंही काही परत बिघडलेलं नाही, बाकीच्या मागून येऊन पोचल्या एवढंच. वर्षभर कमी ताणात काढलेले दिवस त्या बाईच्या पदरात पडलेच. तेव्हा मॉडेल निवडण्याआधी गाइडना विचारा, आपला कार्यक्रम वेग बदलतो असं आपण मानतो की मुक्काम? शिथिलीकरणाचं तंत्र वेग बदलेल असं मला वाटतं, विचार करण्याची पद्धत बदलणारं प्रशिक्षण मुक्काम बदलू शकेल. पण हा माझा अंदाज आहे, आणि गटात काय घडलं ते तुम्हाला जास्त ठाऊक.

तुमच्याकडे मोजमापं तीन आहेत. तीन बिंदूंवरून प्रत्येक बाईची सुरुवात, वेग आणि मुक्काम अशा तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण मोजमापाची चूक धरायला जागाच उरत नाही. त्यामुळे वक्र मॉडेल बसवायचं तर वेग किंवा मुक्काम यातलं एक सगळ्यांसाठी समान धरावं लागेल, आणि ते धरलंय हे स्पष्ट लिहावं लागेल. नाहीतर साधं मिक्स्ड मॉडेल घ्या. त्याचा अर्थ शब्दांत असा: एखाद्या बाईचा एखाद्या वेळचा आकडा म्हणजे सगळ्यांची सामाईक वाट, अधिक त्या बाईचा स्वतःचा वरखालीपणा, अधिक कार्यक्रमाचा परिणाम, अधिक त्या दिवसाची गडबड. एखादीची तिसरी प्रश्नावली नसली तरी तिच्या पहिल्या दोन वापरल्या जातात, म्हणजे ६४ च्या ६४ मॉडेलमध्ये राहतात. मात्र यात गृहीतक आहे, की सोडून जाण्याचं कारण तिच्या आधीच्या आकड्यांतून आणि नोंदींतून कळण्यासारखं आहे. आजार बळावून गेलेल्यांसाठी ते डळमळीत आहे, म्हणून तो रकाना.

काळ कुठून मोजायचा? बहुतेक जण कार्यक्रमाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा, आणि केमोच्या चक्रांच्या तारखा वेगळ्या रकान्यात ठेवा. २१ दिवसांच्या चक्रात तिसऱ्या दिवशी भरलेली प्रश्नावली आणि अठराव्या दिवशी भरलेली, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. "तीन महिने" या एकाच खणात दोन्ही टाकल्या की सगळी गडबड चुकीच्या पदात जाते आणि परिणाम असलाच तर तो त्या गोंधळात बुडतो.

गट आठ-आठ जणींचे होते असं तुम्ही लिहिलंय. एका गटातल्या बायका एकमेकींसारख्या होत जातात. एखादी बोलकी, हसरी बाई आठ जणींचा आकडा खाली आणते. एखाद्या गटातली एक जण वारली की सगळ्यांचा वर जातो. हे साम्य ०.०५ इतकं बारीक धरलं तरी माहितीचं वजन १ + ७ × ०.०५ म्हणजे १.३५ ने भागावं लागतं. ६४ बायकांची माहिती ४७ जणींइतकी उरते. (तुमच्या ४७ शी हा योगायोग, घोळ करू नका.) गटाचा क्रमांक मॉडेलमध्ये घाला. एवढ्या थोड्या गटांवर त्याचा अंदाज कच्चाच येईल, पण न घातल्यास पी खोटा छोटा दिसेल.

हजेरीबद्दल. "जिने जास्त सत्रं केली तिचा ताण जास्त उतरला" हा आलेख काढायचा मोह प्रत्येकाला होतो. पण आठही सत्रांना येणारी बाई म्हणजे जिला केमो झेपतेय, जिच्या घरी स्वयंपाकाला दुसरं कुणी आहे, जिला रिक्षाचे पैसे परवडतात. तिचा ताण तसाही जास्त उतरला असता. हजेरी हे कारण कमी आणि लक्षण जास्त. आलेख परिशिष्टात द्या, निष्कर्ष काढू नका.

कॉर्टिसॉलकडे येऊ. इथे गणिताआधी फाइल उघडायला लागते. पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधांआधी ॲलर्जी टाळायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. ते शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दाबतं. अशा दिवसांत नमुना घेतला तर कॉर्टिसॉल कमी येतं आणि आपण खुशाल लिहितो की ताण उतरला. स्टिरॉइड कधी दिलं ती तारीख आणि नमुन्याची तारीख शेजारी-शेजारी लावा, आणि जवळचे नमुने बाजूला काढा. तुम्ही लाळ घेतलीत ते बरं केलंत. रक्तातल्या एकूण कॉर्टिसॉलमध्ये वाहक प्रथिनाला चिकटलेलं कॉर्टिसॉलही मोजलं जातं, आणि टॅमॉक्सिफेन या हार्मोन-उपचाराच्या गोळीने ते प्रथिन वाढू शकतं. लाळेत येतं ते मोकळं कॉर्टिसॉल.

एका नमुन्याच्या आकड्याला फार अर्थ नाही. कॉर्टिसॉल जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. तो उतार किती तीव्र आहे ते बघतात. २००० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आजार पसरलेल्या १०४ बायकांमध्ये दाखवलं, की ज्यांचा दिवसभराचा उतार सपाट होता त्या लवकर दगावल्या. उतार काढताना आकड्यांचा लॉग घ्या, काळ घड्याळाऐवजी जाग आल्यापासून मोजा, आणि शिखराचा नमुना उताराच्या रेषेत घालू नका. एवढं करूनही सपाट उतार हा ताणाचा परिणाम की वाढत्या आजाराचा, हे त्या एका संबंधावरून ठरत नाही. आजारी माणसाची झोप मोडते, आणि झोप मोडली की उतारही बिघडतो.

डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर आता सोपं आहे. मेंदूतून निघालेला संदेश पिट्यूटरी ग्रंथीला, तिथून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनलला, आणि तयार झालेलं कॉर्टिसॉल परत वर जाऊन संदेश कमी करतं, या चक्राची समीकरणं लिहिलेली आहेत आणि ती सुंदर आहेत. पण त्या समीकरणांतले स्थिरांक काढायला दहा-वीस मिनिटांच्या अंतराने घेतलेले नमुने लागतात, कारण रक्तातलं कॉर्टिसॉल तास-दीड तासात निम्मं होतं. दिवसाला तीन-चार नमुन्यांवर ती बसवणं म्हणजे हवे ते स्थिरांक निवडून हवा तो आलेख काढणं. परीक्षकांवर छाप पडेल, पण ज्याला कळतं तो पहिला प्रश्न तिथेच विचारेल. वर दाखवलेलं "जादा ताणाचा ठरावीक हिस्सा दर महिन्याला ओसरतो" हेही डिफरन्शियल इक्वेशनच आहे, सगळ्यात साधं. गाइडना तो शब्दच हवा असेल तर तेवढं पुरेल.

आता आयुष्य वाढण्याचा मुद्दा. थोडक्यात उत्तर: तुमच्या डेटातून नाही. सविस्तर सांगतो, कारण या प्रश्नाचा इतिहास बोलका आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी आजार पसरलेल्या ८६ बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. गट-उपचार मिळालेल्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जगभर खळबळ उडाली. मग कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रकारचा उपचार तपासला. २००१ चा निकाल १७.९ विरुद्ध १७.६ महिने, म्हणजे फरक नाही. तिथे मन मात्र हलकं झालं, आणि सुरुवातीला जास्त त्रासात असलेल्यांचं वेदनेचं दुःखही कमी झालं. स्पीगल यांनी स्वतः १२५ बायकांवर पुन्हा करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलं, ३०.७ विरुद्ध ३३.३ महिने, एकूणात फायदा नाही. स्वतःचाच गाजलेला निकाल पुन्हा तपासून उलटा आला तरी छापणं याला मी फार मानतो.

मायामीच्या २४० बायकांचा ११ वर्षांच्या मध्यक फॉलोअपचा निकाल २०१५ मध्ये आला. मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर ०.२१, म्हणजे कार्यक्रमाच्या गटात धोका दुसऱ्या गटाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. ऐकायला थक्क करणारं. पण त्याचा ९५ टक्क्यांचा पट्टा (खरं गुणोत्तर बहुधा ज्यात असेल तो) ०.०५ ते ०.९३ आहे, म्हणजे धोका वीसपटीने कमी झाला असेल किंवा जेमतेम ७ टक्क्यांनी, दोन्ही त्याच आकड्यांत बसतं. कारण मृत्यू थोडे होते, आणि हे त्यांनी स्वतःच नमूद केलंय. जगण्याच्या मॉडेलमध्ये माहिती रुग्णांच्या संख्येतून येत नाही, घटनांच्या संख्येतून येते. धोका ३० टक्क्यांनी कमी होतो हे ८० टक्के खात्रीने पकडायचं असेल, तर दोन समान गटांत मिळून सुमारे २४७ मृत्यू लागतात. तुमच्या ६४ मध्ये सहा महिन्यांत किती, हे तुम्हीच बघा. आणि "कार्यक्रम पूर्ण केलेल्या विरुद्ध सोडलेल्या" अशी तुलना तर करूच नका. पूर्ण करायला आठ आठवडे जिवंत आणि चालतं-फिरतं राहावं लागतं, त्यामुळे तो गट आधीच जिंकलेला असतो.

यात माझा एक राग आहे तो सांगतो. आयुष्य वाढण्याचा दावा सैल हाताने केला, की घरी त्याचं "तू टेन्शन घेतेस म्हणून परत आलं" असं रूपांतर होतं. आजाराचा दोष त्या बाईच्याच डोक्यावर बसतो. ताण कमी झाला, झोप लागली, मुलांवर चिडचिड कमी झाली, हे स्वतःच मोजण्याजोगे परिणाम आहेत. त्यांना आयुर्मानाच्या टेकूची गरज नाही.

तर कंट्रोल गट नाही, आता काय करता येईल? तुमच्या डेटात एक गोष्ट कामाची आहे. सगळ्यांनी एकाच वेळी सुरुवात केली नाही, कुणी ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात, कुणी चौदाव्या. चौथ्या आठवड्यात आलेल्या बाईची दुसरी प्रश्नावली साधारण सतराव्या आठवड्यात भरली गेली. चौदाव्यात आलेलीची पहिली प्रश्नावली चौदाव्यातच. दोघी ऑपरेशनपासून जवळपास सारख्याच अंतरावर, एकीचा कार्यक्रम झालाय आणि दुसरीचा व्हायचाय. काळ ऑपरेशनपासून मोजला तर मॉडेल आपोआप ही तुलना वापरतं.

यात दोन खाचा आहेत. उशिरा आलेली उशिरा का आली? गाव लांब म्हणून असेल तर ठीक, जखम चिघळली किंवा सिरोमा झाला (जखमेच्या जागी पाणी साचलं) म्हणून असेल तर तिचा ताण मुळातच जास्त. दुसरी खाच जास्त मोठी: उशिरा आलेलीही २० च्या चाळणीतूनच आली, त्यामुळे तिची पहिली प्रश्नावली फुगलेली आहे आणि तुलना कार्यक्रमाच्या बाजूने झुकते. यावर उपाय एकच. २० पेक्षा कमी आले म्हणून परत पाठवलेल्या बायकांच्या प्रश्नावल्या शोधा. चाळणीच्या वेळी विचारलेल्या प्रत्येकीचा आकडा आणि ऑपरेशनची तारीख मिळाली, तर ऑपरेशननंतर कितव्या आठवड्यात ताण सरासरी किती असतो याचा आलेख निघतो, कार्यक्रमाशिवायचा. तुमच्या दुसऱ्या रेषेला यापेक्षा जवळचं काही मिळणार नाही. अशी कागदं बहुतेकदा समाजसेवा विभागाच्या कपाटात एखाद्या बॉक्स फाइलमध्ये पडून असतात. रद्दीत जायच्या आत बघा. वापरायला नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल, ती आधी घ्या.

कागदं मिळाली नाहीत तर शक्यतांचा तक्ता द्या. सहसंबंध ०.५ धरला तर चाळणीमुळे ३ गुण आपोआप जातात, ०.७ धरला तर १.८. नैसर्गिक सावरण्याचे १ ते ३ गुण धरा, आणि ते का धरले ते आधीच्या अभ्यासांवरून दाखवा. ७ मधून दोन्ही वजा केले, की कार्यक्रमाच्या वाट्याला कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ४.२ गुण उरतात. प्रबंधाच्या सारांशात ७ च्या शेजारी हा पट्टा छापा, त्याच आकाराच्या अक्षरांत.